घोडा का अडला?

पोरांनो, ते जुनं कोडं तुम्ही शाळेत ऐकलंच असेल. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच, फिरवलं नाही म्हणून. उत्तर चोख आहे. तव्यावरची भाकरी, टोपलीतली विड्याची पानं आणि ठाणावर बांधून ठेवलेला घोडा, तिघांनाही न फिरवल्याचा फटका बसतो. पण घोड्याच्या आयुष्यात अशी एक वेळ येऊ शकते की तेव्हा हेच उत्तर त्याच्या जिवावर उठतं. अडलेल्या घोड्याला त्या वेळी फिरवलं, तर तो पुन्हा कधी नीट चालेल याची खात्री उरत नाही.

गोष्ट आपल्या बार्शीतलीच आहे. फाल्गुनाचा महिना. रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरात येत होती, मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागल्या होत्या आणि लग्नांच्या तिथी एकामागून एक होत्या. परांडा रोडच्या बाजूला एका घोडीवाल्याकडे पांढरीशुभ्र नुकरा घोडी होती. वरातीला तिलाच मागणी. गळ्यात घुंगुरमाळ, पाठीवर जरीची झूल, आणि ताशा वाजला की पाय उचलून नाचायची. मालकाचा तिच्यावर फार जीव. स्वतः चहाबरोबर गूळ खाल्ला तर एक खडा तिला ठेवायचा.

एका रात्री तिचं दावं सुटलं. पडवीत नव्या ज्वारीचं पोतं उघडं होतं. पहाटे मालक उठून बघतो तर घोडीचं तोंड पोत्यात. आठ-नऊ किलो ज्वारी तरी गेली असावी. मालकाला वाटलं, घरचंच धान्य खाल्लं, विष तर खाल्लं नाही. दिवसभर ती जरा सुस्त होती, लीद पातळ झाली होती, इतकंच. दुसरा दिवसही गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र घोडी ठाणावरून हलेना. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकलेले, मागचे पाय पोटाखाली घेतलेले, सगळं अंग मागे रेललेलं. घाम सुटलेला, नाकपुड्या फुललेल्या. मालकानं लगाम ओढला तर एक पाऊल टाकून कण्हली.

चार माणसं जमली की चार सल्ले येतात. कुणी म्हणालं, अंग आखडलंय, तासभर फिरवा, मोकळी होईल. कुणी म्हणालं, खांद्याला डाग द्या. मालकानं तिला रस्त्यावर काढायची तयारीही केली होती. तेवढ्यात म्हातारे नालबंद चाचा आले. त्यांनी कुणाशी वाद घातला नाही. खाली बसले, घोडीच्या खुरांवर तळहात ठेवला, मग खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन बोटं दाबून धरली. मीही तिथं होतो. त्यांनी माझा हात धरून बोटं त्याच जागी टेकवली. निरोगी घोड्याची तिथली नाडी इतकी मंद असते की ती सापडायलाच वेळ लागतो. इथं ती बोटांना ठोके देत होती आणि खूर तापलेला होता. चाचा म्हणाले, ‘‘हिला आता एक पाऊलही चालवू नका. हिचं दुखणं खुराच्या आत आहे. डॉक्टरला बोलवा, आणि मिळेल तेवढा बर्फ आणा.’’

घोडीला इथंच उभी राहू द्या. बर्फ येईपर्यंत आपण तिच्या खुराच्या आत जाऊन येऊ.

आता हाताचा पंजा जमिनीवर टेका. तळवा उचला, फक्त बोटांवर हात उभा करा. अंगठा उचला, करंगळी उचला, तिच्या शेजारचं बोट आणि अंगठ्याशेजारचं बोटही उचला. उरलं फक्त मधलं बोट. आता त्या बोटाच्याही नुसत्या नखावर हात तोला. जमतंय? घोडा जन्मभर तसाच उभा असतो. त्याचा खूर म्हणजे त्याच्या मधल्या बोटाचं नख. पुढच्या पायात ज्याला आपण त्याचा गुडघा म्हणतो, ते त्याचं मनगट आहे. त्याखालची लांब नळी म्हणजे तळहाताचं हाड. आणि मनगटाखाली स्नायू जवळजवळ नाहीतच, नुसत्या दोऱ्या, म्हणजे कंडरा आणि अस्थिबंध. पाय हलका ठेवायचा तर मांस वरच ठेवायला हवं, हे निसर्गानं बरोबर ओळखलं.

हे एका दिवसात झालं नाही. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या जंगलात घोड्याचा पूर्वज हिंडत होता. कोल्ह्याएवढा जीव, पुढच्या पायांना चार बोटं, मागच्या पायांना तीन. मऊ जमिनीवर, झाडाझुडपांतून पाला खात फिरणारा. पुढं जंगलं विरळ झाली, गवताळ माळ पसरले. माळावर लपायला जागा नाही, पळता आलं तरच जगायचं. पिढ्यान्‌पिढ्या पाय लांब होत गेले, कडेची बोटं झिजत गेली आणि मधलं बोट जाडजूड झालं. आजही घोड्याच्या नळीच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडं असतात. हरवलेल्या बोटांची तेवढीच खूण उरली आहे.

त्या एका बोटावर भार किती ते बघा. आपली घोडी समजा चारशे किलोची. उभ्या घोड्याचा साधारण साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर येतो. म्हणजे पुढच्या एकेका खुरावर सव्वाशे किलोच्या घरात वजन, तेही नुसतं उभं असताना. चौखूर उधळली तर एका क्षणी एकाच पायावर तिच्या सगळ्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार आदळतो. वारीतलं रिंगण आठवा. शितोळे सरकारांचे अश्व अंकलीहून चालत आळंदीला येतात, पुढे पालखीबरोबर पंढरपूरच्या वाटेला लागतात आणि रिंगणात वाऱ्यासारखे सुटतात. त्यांच्या टापांखालची माती वारकरी कपाळाला लावतात. मलाही ती माती लावावीशी वाटते, आणि शास्त्राचा मास्तर म्हणून त्या टापेलाही हात जोडावेसे वाटतात.

कारण खरी कमाल पुढंच आहे. तुम्हाला वाटत असेल, खुराच्या आत हाड असतं आणि ते तळव्यावर टेकलेलं असतं, जसा आपला पाय चपलेत टेकतो. तसं नाही. खुराच्या आतलं शेवटचं हाड तळव्यावर टेकतच नाही म्हटलं तरी चालेल. ते खुराच्या भिंतीला आतून टांगलेलं असतं. घोड्याचं सगळं वजन त्या टांगणीवर!

ती टांगणी कशी असते ते करूनच बघा. दोन शंभर पानी वह्या घ्या. एकीचं एक पान, त्यावर दुसरीचं एक पान, असं करत दोन्हींची पानं एकमेकींत गुंफत जा. मग दोन पोरांनी दोन बाजूंनी वह्या ओढा. गोंद नाही, टाचणी नाही, तरी वह्या सुटत नाहीत. खुराच्या आत हेच आहे. भिंतीच्या आतल्या बाजूनं साडेपाचशे ते सहाशे पातळ पापुद्रे उभे असतात. हाडावरच्या जिवंत कातडीलाही तसेच पापुद्रे, आणि हे त्यांत गुंफलेले. शिवाय प्रत्येक पापुद्र्यावर शंभर-दीडशे आणखी बारीक पापुद्रे, तेही एकमेकांत अडकलेले. हे सगळं उलगडून पसरलं तर एका खुरातलं चिकटलेलं क्षेत्र पाऊण चौरस मीटरच्या आसपास भरतं. चार खुरांचं मिळून तीन चौरस मीटर. मूठभर जागेत निसर्गानं एवढं अंथरूण घडी घालून ठेवलं आहे. या पापुद्र्यांना इंग्रजीत लॅमिना म्हणतात आणि ते सुजले, उसवायला लागले की त्या आजाराला लॅमिनायटिस. आपल्या घोडीला झालं होतं ते हेच.

‘‘पण आजोबा, तिनं तर ज्वारी खाल्ली होती. ज्वारी पोटात गेली, पायात कशी गेली?’’

शाबास, इथंच तर घोडं पेंड खातं!

घोड्याचं पोट गायीच्या पोटासारखं नसतं. गाय रवंथ करते, तिच्या पोटाचे चार कप्पे. घोड्याचं जठर त्याच्या अंगाच्या मानानं लहान असतं, आणि त्याच्या तोंडाची झडप इतकी घट्ट की घोड्याला उलटी करता येत नाही. आत गेलं ते पुढंच जायचं. मूळचा तो दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडं थोडं वाळलं गवत चघळणारा प्राणी. लहान आतड्यात पीठ आणि साखर पचते. उरलेलं चिवट गवत मागच्या मोठ्या आतड्यात जातं, तिथं कोट्यवधी जिवाणू ते आंबवतात आणि त्या आंबवणीतून घोड्याला ताकद मिळते. हे जिवाणू त्याचे पाळीव मित्रच. पण एकदम आठ-नऊ किलो ज्वारी आली की लहान आतड्याला ती पचवता येत नाही. पिठाचा लोंढा मागच्या आतड्यात शिरतो. तिथं पिठावर पोसणारे वेगळे जिवाणू एका रात्रीत माजतात, लॅक्टिक आम्ल तयार करतात. आतडं आंबट होतं, गवत पचवणारे मित्र मरायला लागतात, आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि विषारी द्रव्यं रक्तात उतरतात. सगळ्या अंगात दाह पेटतो, आणि त्याचा मोठा घाव बसतो तो खुरातल्या त्या पापुद्र्यांवर. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे धागे विरघळायला लागतात. याला दीड-दोन दिवस लागतात. म्हणूनच मालक दोन दिवस निश्चिंत होता. घोडी बरी दिसत होती तेव्हाच आत टांगणी उसवत होती.

दुसरीही एक वाट आहे, ती जास्त फसवी. धान्य एकदम न खाताही, रोजच्या गोड खाण्यानं हा आजार येतो. गूळ, पेंड, गोड हिरवं गवत, उसाचं वाढं असं रोज मिळत गेलं, काम थोडं आणि अंगावर चरबी चढत गेली, की घोड्याच्या रक्तात इन्सुलिन वाढत जातं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात क्रिस्टोफर पॉलिट यांच्या गटानं २००७च्या सुमारास दाखवून दिलं की निरोगी तट्टांच्या रक्तात नुसतं इन्सुलिन खूप वाढवून ठेवलं तरी दोन-तीन दिवसांत त्यांचे खूर या आजारानं धरतात. आता आपल्या जिल्ह्याचा विचार करा. साखर कारखान्यांचा जिल्हा. हंगामात वाढ्याच्या मोळ्या रस्तोरस्ती. गायी-म्हशींची ती वैरण, तीच घोड्यापुढे टाकली जाते, आणि लाडानं गुळाचा खडा असतोच.

थोडक्यावर जगणाऱ्या जनावरांना हा धोका जास्त असतो, हे मला फार लक्षात ठेवण्यासारखं वाटतं. आपली भीमथडी तट्टं बघा. भीमेच्या खोऱ्यात वाढलेली, ठेंगणी, काटक. मराठ्यांच्या फौजा त्यांच्या पाठीवर देशभर दौडल्या. आजही धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन ती माळरानं तुडवतात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं अलीकडेच भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली, याचा मला फार आनंद झाला. अशा काटक जातींचं शरीर दुष्काळासाठी घडलेलं असतं. मिळेल तो कण साठवून ठेवायचा, हा त्यांचा गुण. जगभर लहान तट्टांमध्ये हा आजार जास्त दिसतो तो याच गुणामुळे. त्यांना श्रीमंती थाटात खाऊ घालणं म्हणजे त्यांचे पाय काढून घेणं.

माणसाला हे दुखणं जुनंच ठाऊक आहे. ग्रीक लोक जव खाऊन घोड्याला होणाऱ्या आजाराबद्दल लिहून गेलेत. झेनोफन नावाचा ग्रीक सेनानी तर दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी सांगतो की तबेल्याबाहेर चार-पाच गाड्या गोल दगड पसरा, त्यावर उभं राहून घोड्याचे खूर टणक होतात. आणि मोठमोठे घोडेही यातून सुटलेले नाहीत. अमेरिकेचा सेक्रेटेरिएट, १९७३ साली तिथल्या तिन्ही मानाच्या शर्यती जिंकणारा, १९८९ मध्ये याच आजारामुळे त्याला वेदनामुक्त मरण द्यावं लागलं. बार्बारो नावाच्या घोड्याचा २००६ मध्ये शर्यतीत मागचा उजवा पाय मोडला. मोडलेला पाय डॉक्टरांनी सांधत आणला, पण सगळा भार पेलून पेलून दुसऱ्या, धडधाकट पायात लॅमिनायटिस झाला आणि जानेवारी २००७ मध्ये तो गेला. म्हणजे एकच पाय सतत भार वाहत राहिला तरी टांगणी उसवते. चालताना प्रत्येक पावलागणिक खूर किंचित फाकतो आणि मिटतो, त्यानं खुरातलं रक्त वर ढकललं जातं. भार हललाच नाही तर रक्त पापुद्र्यांपर्यंत नीट पोचत नाही.

मग चाचांनी चालवायला मनाई का केली? कारण उसवलेल्या टांगणीवर प्रत्येक पाऊल म्हणजे झटका. खुरातल्या हाडाला मागून एक जाड कंडरा धरून असते, ती त्याला मागे खेचते. समोरची खुराची भिंत पुढच्या बाजूला तरफेसारखी उचकटते. पापुद्रे धड असेपर्यंत हाड जागचं हलत नाही. ते सैल झाले की हाडाचं टोक खाली झुकतं, तळव्याकडे. तळवा जेमतेम एक-दीड सेंटिमीटर जाड. हाड तो फोडून बाहेर आलेलंही माणसांनी पाहिलंय. आता कळलं ना घोडी अंग मागे रेलून का उभी होती? खुराचा पुढचा भाग दुखतो म्हणून ती टाचेवर भार घेत होती.

बर्फ आला. रसवंतीवाल्यानं लाद्या दिल्या, शेजारच्या बायकांनी घमेली आणि बादल्या आणल्या. डॉक्टर येईपर्यंत घोडीचे पुढचे पाय नळीच्या मध्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात होते. थंडीनं पेशींची धडपड मंदावते, ते धागे विरघळवणारे रस थंडावतात, वेदनाही कमी होते. खूर दहा अंशांच्या खाली ठेवायचा, आणि तोही तासभर नाही, सलग दोन-तीन दिवस. सबंध गल्लीनं पाळ्या लावल्या. डॉक्टर म्हणाले ते मात्र मी विसरलो नाही. ‘‘पोत्यात तोंड घातलेलं दिसलं त्याच पहाटे फोन केला असता, तर नाकातून नळी घालून पोट हलकं केलं असतं आणि पाय दुखायच्या आधीच बर्फात ठेवले असते. तेव्हा बर्फाचा गुण सगळ्यांत जास्त.’’ मालक खाली मान घालून ऐकत होता. तोही बिचारा काय करणार, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांनी दाह कमी करणारं इंजेक्शन दिलं. धान्य पूर्ण बंद केलं. ठाणावर वीतभर जाड वाळू पसरायला लावली, म्हणजे खुराचा तळवा आणि मधला त्रिकोणी रबरी भाग वाळूत बसेल, भार नुसत्या भिंतीवर राहणार नाही. घोडी त्या वाळूवर आडवी झाली. घोडा आडवा झाला की लोक घाबरतात. इथं तिला पडून राहू देणं हेच औषध होतं.

पुढची गोष्ट खुराची. आणि ती हळू चालते.

खूर महिन्याला सहा ते नऊ मिलिमीटर वाढतो. वरच्या केसांच्या कडेपासून नवा खूर उगवतो आणि खाली खाली सरकतो. पुढच्या बाजूनं पूर्ण नवा खूर जमिनीपर्यंत पोचायला वर्षाच्या आसपास लागतं. उसवलेली भिंत पुन्हा हाडाला चिकटत नाही. वरून येणारी नवी भिंतच हाडाला घट्ट धरून खाली येते. म्हणून या आजारात खुराची निगा राखायची म्हणजे नव्या भिंतीला सरळ खाली यायला वाट मोकळी करून द्यायची.

डॉक्टरांनी पायाचे एक्स-रे काढवून घेतले. हाड किती झुकलंय, तळवा किती उरलाय, हे त्यात दिसतं. ते चित्र समोर धरून चाचा आणि डॉक्टर उंबऱ्यावर बसले. मला ते दृश्य फार आवडलं. एकाच्या हातात एक्स-रे, दुसऱ्याच्या हातात कानस, आणि दोघांचं बोलणं एकाच खुराबद्दल. जुने नाल काढले, तेही एकेक खिळा सोडवून, न ठोकता. मग चाचांनी खुराचं लांबलेलं टोक कानशीनं मागे आणलं, म्हणजे पाऊल उचलताना भिंत उचकटणार नाही. टाच एकदम उतरवायची नाही, दर खेपेला थोडी थोडी, हाड आणि खूर एका रेषेत येईपर्यंत. आणि तळव्याला सुरी लावायचीच नाही. एरवी तळवा खरवडून स्वच्छ केला की खूर देखणा दिसतो. या घोडीच्या हाडाखाली तेवढाच आसरा होता. तळव्याखाली जाड मऊ गादी बांधली. दर चार-पाच आठवड्यांनी हाच क्रम.

मालकानं खाणंही बदललं. चंदी बंद, गूळ बंद, वाढं बंद. वाळलं गवत अर्धा-पाऊण तास पाण्यात भिजवून, ते गोड पाणी ओतून देऊन मग घालायचं. उन्हाळ्यात भिजवलेलं गवत लवकर आंबतं, म्हणून भिजवलं की लगेच खायला द्यायचं. तेही वजन करून. शंभर किलो अंगाला दीड किलो वाळलं गवत, त्याहून जास्त नाही. घोडी आशेनं बघायची आणि मालकाला ते सोसायचं नाही, पण त्यानं मन घट्ट केलं.

आषाढीच्या सुमारास ती बरीच सावरली होती. आणि एके दिवशी अचानक एक पाय टेकेना. मालक रडकुंडीला आला, सगळं फुकट गेलं म्हणाला. चाचांनी पाहिलं तर तळव्याच्या कडेला, जिथं भिंत आणि तळवा यांच्यामध्ये पांढरी रेघ असते, तिथं काळा ठिपका. डॉक्टरांनी तो मोकळा केला. काळा, दुर्गंधी पू बाहेर आला आणि घोडीनं तासाभरात पाय टेकला. उसवलेल्या जागेत घाण शिरून असं गळू होऊ शकतं, कधी कधी महिन्यांनीही होतं. घाबरायचं नाही, पण तिथं काहीबाही लावत बसायचंही नाही. डॉक्टरला बोलवायचं.

दसऱ्याला चाचांनी मला खुरावरच्या कडा दाखवल्या. निरोगी खुरावर आडव्या बारीक रेषा असतात, पुढून मागे सारख्या अंतरावर. आपल्या घोडीच्या खुरावर फाल्गुनात उगवलेली कडा वेगळी होती, पुढे दाटलेली, टाचेकडे फाकलेली. आजारात पुढच्या भागाला रक्त कमी मिळालं, तो हळू वाढला, टाच त्याहून जास्त वाढली. त्या कडेच्या वर मात्र नवा खूर गुळगुळीत, सरळ रेषेत येत होता. बोट फिरवलं की कळायचं, आजार इथं संपला आणि घोडी इथून सुरू झाली. पुढच्या माघात ती कडा खाली जमिनीपर्यंत आली आणि चाचांनी ती कानशीनं काढून टाकली.

डॉक्टरांनी तिला सावकाश चालायला परवानगी दिली, मऊ मातीत, थोडं थोडं. बऱ्या झालेल्या घोड्याला फिरवणं आवश्यकच असतं, त्यानं इन्सुलिन ताब्यात राहतं. त्या कोड्याचं उत्तर तेव्हा पुन्हा खरं होतं. मालकानं तिला डांबरी रस्त्यावर नाचवणं मात्र कायमचं सोडलं. भगवंताच्या देवळाकडच्या वाटेनं सकाळी तो तिला हातात धरून चालवताना दिसायचा.

आता तुमच्यासाठी. लग्नात घोडी दारात आली की तिला बुंदी, गूळ, पेढा भरवू नका. कुणी भरवत असेल तर थांबवा. तिच्या पुढच्या पायांकडे नीट बघा. ती पाय पुढे टाकून मागे रेलली असेल, एका पायावरून दुसऱ्यावर सारखा भार बदलत असेल, वळताना दुखल्यागत करत असेल, तर मालकाला बाजूला घेऊन सांगा. ताशा थांबला तरी चालेल. आणि कुणाच्या घोड्यानं पोत्यात तोंड घातलेलं कळलं, तर तो बरा दिसतोय म्हणून वाट बघू नका, त्याच घटकेला डॉक्टरला बोलवा. जनावरांच्या सरकारी फिरत्या दवाखान्याचा क्रमांक १९६२ आहे, आणि त्या फोनला पैसे पडत नाहीत.